बिलावर लिहा : कर्णा नवा

जुन्या ग्रामोफोनला नवा भाग बसवण्यात काहीही पाप नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून काही जण मला सोवळ्यातला संग्राहक समजतील. मी संग्राहक नाही. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर उभं राहून नोकरी केली, निवृत्त झालो आणि आता कसब्यातल्या घरी लोकांचे चावीचे ग्रामोफोन दुरुस्त करतो. स्प्रिंग तुटली की नवी घालतो, पिनेच्या थरथरीचा आवाज करणाऱ्या साउंडबॉक्सचं रबर दगड झालं असेल तर नवं घालतो, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरला घासणारा चामड्याचा तुकडा झिजला की बदलतो. ऐंशी-शंभर वर्षं चाललेल्या यंत्रात हे व्हायचंच. माझं भांडण आहे ते नवा भाग जुना म्हणून खपवण्याशी. आणि त्याहून मोठं भांडण असं, की हे खोटं ‘अँटिक’ बनवण्यासाठी खरा जुना ग्रामोफोन फोडला जातो. याबद्दल कुणी बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून एक जोडपं आलं. सासऱ्यांच्या अमृतमहोत्सवाला मुलानं मुंबईहून ग्रामोफोन घेतलेला. अष्टकोनी पेटी, पाकळ्यापाकळ्यांचा लखलखीत पितळी कर्णा, पुढं कुत्र्याचा पत्रा. १९०५ सालचा, एका संस्थानिकाच्या वाड्यातून आलेला, असं दुकानात सांगितलेलं. बिलावर मात्र एवढंच : ‘अँटिक ग्रामोफोन, १ नग’. ना साल, ना वाडा. सूनबाईंची तक्रार साधी होती. “काका, आवाज नाकातून येतो. मामंजी म्हणतात, आमच्या लहानपणीचा असा नव्हता.”

मामंजींचा कान बरोबर होता. वरची फळी काढायला घेतली तर चारही कोपऱ्यांना स्टार स्क्रू. फळी प्लायवुडची, कडांना पॉलिश फासून थर झाकलेले. उलटी केली तर खालची बाजू पांढरीफटक. जुन्या यंत्रात फळीची खालची बाजू कधी अशी नसते. मोटर फिरते तेव्हा गव्हर्नर ग्रीसचे बारीक शिंतोडे उडवत असतो, त्यावर धूळ बसते आणि वर्षानुवर्षांनी तिथं नखानं खरवडावा लागेल असा काळा थर तयार होतो. तो थर ओल्या कॉफीची पूड फासून आणता येत नाही. वरच्या बाजूचा ‘जुनेपणा’ मात्र बरेचदा तसाच आणलेला असतो.

आणि त्या कोऱ्या फळीला टांगलेली मोटर अस्सल जुनी होती! उत्तम मोटर. वर्म गिअरचे दाते अजून धारदार, गव्हर्नरची तिन्ही वजनं एका तोलात. पण तिची भोकं या फळीला जुळेनात, म्हणून लोखंडी पट्ट्या वाकवून ती कशीबशी लटकवलेली. चावीचा दांडा आखूड पडला म्हणून त्याला वेल्डिंग करून तुकडा जोडलेला. साउंडबॉक्सही जुना, त्याच जातकुळीचा. आर्म बघितला तेव्हा उलगडा झाला. बॅगेसारख्या पोर्टेबल ग्रामोफोनचा आर्म मधोमध कापून पुढं सरळ पितळी नळी ब्रेझिंगनं जोडली होती. निकेलच्या मुलाम्याखाली हॅकसॉच्या दात्यांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरचा, कदाचित चालू स्थितीतला, काळा पोर्टेबल फोडला, त्याचं काळीज काढलं, सांगाडा भंगारात टाकला आणि त्या काळजावर संस्थानिकाचा वाडा उभा केला.

नाकातला आवाज कुठून येतो तेही सांगतो. जुन्या कर्ण्याच्या ग्रामोफोनमध्ये साउंडबॉक्सपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंतची वाट सतत रुंदावत जाते. १९०३च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीनं निमुळता आर्म आणला, त्याचं सगळं मर्म हेच : साउंडबॉक्सकडं अरुंद, कर्ण्याकडं रुंद, मध्ये कुठंही पायरी नाही, कुठंही हवा निसटत नाही. बनावट यंत्रात आर्मची नळी एकसारख्या जाडीची असते, ती एकदम मोठ्या पोकळ कोपरात उघडते आणि तिथून पातळ पत्र्याचा कर्णा सुरू होतो. प्रत्येक पायरीवर आवाज अडखळतो, खर्जाचे स्वर तिथंच राहतात. शिवाय पोर्टेबलचा साउंडबॉक्स बनवला होता त्या बॅगेत घडी घालून बसवलेल्या कर्ण्यासाठी. त्याला भलत्याच घरात नांदायला लावलं की तो कुरकुरणारच.

आपल्याला पितळी कर्ण्याचा इतका सोस का, याचं उत्तर माझ्या मते त्या कुत्र्याच्या चित्रात आहे. लोकांना ग्रामोफोन नको असतो, ते चित्र हवं असतं. फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकारानं ते काढलं, आणि गंमत अशी की मूळ चित्रात निपर नावाचा तो कुत्रा सिलिंडरच्या फोनोग्राफपुढं बसला होता. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेताना अट घातली, की यंत्र बदला. १८९९मध्ये बॅरॉडनं जुनं यंत्र रंगाखाली गाडून त्यावर कंपनीचा तबकडीचा ग्रामोफोन काढला. ठरावीक कोनातून प्रकाश पडला की मूळ कॅनव्हासवर खालचा फोनोग्राफ अजून जाणवतो. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध ग्रामोफोनचासुद्धा भाग बदललेला आहे. फक्त तो कुणी लपवला नाही, उलट कौतुकानं सांगतात. आणि चित्रातला तो कर्णा नीट पाहा : सरळ, शंकूच्या आकाराचा आहे, एकही पाकळी नाही. पाकळ्यांचे कर्णे नंतर आले आणि त्यातले बहुतेक पोलादी पत्र्याचे, काळे, निळे, लाल, हिरवे रंगवलेले होते. काही लाकडीही होते. पितळी पाकळ्यांचे होते, पण थोडे. आज मात्र ज्या हॉटेलच्या दारात, ज्या मालिकेच्या दिवाणखान्यात बघाल तिथं पितळी पाकळ्याच.

सनावळीही थोडी माहीत असावी. लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ची. हिंदुस्थानात तिनं कलकत्त्याला शाखा काढली १९०१ साली, आणि फ्रेड गायसबर्गनं गौहरजानचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं नोव्हेंबर १९०२मध्ये. त्या काळच्या तिच्या तबकड्यांवर कुत्रा नव्हता, लेखणीनं तबकडीवर लिहिणारा देवदूत होता. कंपनीच्या तबकड्यांवर कुत्रा, म्हणजे एचएमव्हीची खूण, आला १९०९च्या सुमारास. तेव्हा ‘१८९० सालचा एचएमव्ही’ असं कुणी सांगितलं की समजावं, समोरच्यानं आकडा हवेतून पकडला आहे.

आता ओळखायचं कसं? मी गिऱ्हाइकांना सांगतो, कर्णा शेवटी बघा. तो दिपवण्यासाठीच असतो. आधी आटे बघा. चारचौघांत स्क्रूकडं कुणी बघत नाही, म्हणूनच ते खरं बोलतात. फुलीच्या खाचेचा स्टार स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत मोटारगाड्यांच्या कारखान्यांतून पसरला. १९०५च्या यंत्रात तो जन्मापासून असूच शकत नाही. एखादा असेल तर फार मनाला लावून घेऊ नका, मध्ये कुणी दुरुस्ती केली असेल. सगळेच तसे असतील तर यंत्राची पत्रिका कळली. पण सपाट खाचेचे स्क्रू मिळाले म्हणून हुरळूनही जाऊ नका, ते आजही मिळतात. तिथं पिच गेज लावा. विलायती यंत्रांत छोट्या स्क्रूंना बहुधा बीए आटे असतात, त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा साठ. ४ बीए आणि एम ४ हे स्क्रू डोळ्याला भाऊ-भाऊ वाटतात, पण एकाच्या भोकात दुसरा नीट बसत नाही. आपल्याकडं मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६चा. ज्या ‘एडवर्डच्या काळातल्या’ पेटीत एम ४ लोण्यासारखा आत जातो, ती पेटी स्वातंत्र्यानंतरची, बहुधा परवाची.

मग कर्ण्याच्या मागं जा. जुन्या कर्ण्याच्या पाकळ्या एकमेकींत दुमडून, दाबून शिवलेल्या असतात. पाठीवर प्रत्येक सांध्याचा सरळ, एकसारखा कणा दिसतो. बनावट कर्ण्यात सांध्यावर सोल्डरचे ओघळ आणि पॉलिशच्या चाकाचे पट्टे. बोटानं टिचकी मारली तर पातळ पत्रा थरथरतो. साउंडबॉक्समध्ये अभ्रकाची चकती हवी : उजेडात धरली तर किंचित पिवळसर, कडेला पापुद्रे सुटलेले. प्लास्टिकला पापुद्रे नसतात. अभ्रकाच्या व्यापारात तेव्हा आपला देश मोठा होता, कोडरमाच्या खाणींतला माल जगभर जाई. तेव्हा तुटलेल्या चकतीच्या जागी नवं अभ्रक बसवलेलं दिसलं तर मला बरंच वाटतं. प्लास्टिक दिसलं की वैताग येतो.

एक परीक्षा हत्याराशिवायची आहे. तबकडी न ठेवता आर्म हळूच मधल्या खुंटीकडं वळवा. पिनेचं टोक खुंटीच्या अगदी जवळून जायला हवं. बोटभर लांबून गेलं, तर आर्मची जागा अंदाजानं ठरवलेली आहे, आणि ते यंत्र रेषांच्या भिंती एका बाजूनं खरवडत जाणार. आपल्याकडं ७८च्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळं अजून घराघरांत सापडतात. हिराबाई बडोदेकरांची किंवा गजाननराव वाटव्यांची आजोबांनी जपलेली तबकडी अशा यंत्रावर, तीच पोलादी पिन चार-चार वेळा वापरून लावणं म्हणजे ती संपवणं. पोलादी पिन एका बाजूपुरती असते, हे विकणारा सांगत नाही. बहुधा त्यालाही माहीत नसतं.

पण अस्सल म्हणजे सगळे भाग एकाच दिवशी जन्मलेले, असंही नाही. एडिसनच्या फोनोग्राफचंच बघा. तो नळकांड्यासारख्या सिलिंडरवर चालायचा, इंचाला शंभर रेषा, गाणं दोन मिनिटांचं. १९०८मध्ये एडिसननं अँबेरॉल सिलिंडर आणला : इंचाला दोनशे रेषा, चार मिनिटं. ज्यांच्याकडं जुनी यंत्रं होती त्यांच्यासाठी कंपनीनंच जोडगिअर विकायला काढले. म्हणजे १९०२च्या यंत्रात १९०८चा गिअर सापडला तर तो खोटा नव्हे, ती त्या घरानं केलेली सुधारणा. तसंच कर्ण्याचं. एडिसन यंत्राबरोबर आधी हातभर लांबीचाही नव्हता असा छोटा कर्णा येई. लोक मोठा फुलासारखा कर्णा बाहेरून घेत, तो हॉथॉर्न अँड शेबलसारख्या वेगळ्याच कारखान्याचा असे. कंपनीचा नाही, पण काळाचा आहे. हे परदेशातले जाणकार बारकाईनं नोंदवतात.

आणि काही भाग नवे घेण्यावाचून गत्यंतरच नसतं. १९२०-३०च्या दशकांतले जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आतून कुजतात. ओतताना जस्तात शिशाचा अंश राहिला तर धातू वर्षानुवर्षं फुगत जातो, त्याला भेगा पडतात आणि एक दिवस आर्मचा खांदा बिस्किटासारखा हातात येतो. यावर औषध नाही. नवाच भाग ओतावा लागतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असे भाग बनवून ‘नवा’ म्हणून उघड विकणारे कारागीर आहेत, आणि त्यांना मान आहे. आपल्या पितळी कर्णेवाल्या यंत्रांना मात्र तिथल्याच संग्राहकांनी एक शिवराळ नाव ठेवलंय. ते इथं छापण्याजोगं नाही. राग मला त्या नावाचा येतो, पण ते मिळवलं आपणच.

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर मी कित्येक वर्षं सुटे भाग शोधत हिंडलो आहे. एकाच गल्लीत, हातात मोटर घेऊन तिच्या आवाजावरून कुठला दाता तुटलाय ते सांगणारे मिस्त्रीही भेटतात आणि पत्र्याच्या कुत्र्यांची चळत पुढ्यात ठेवून ‘ओरिजिनल’ म्हणणारेही. मिस्त्रीचं कसब बघून थक्क व्हायला होतं. कापलेल्या आर्मला इतक्या सफाईनं नळी जोडणारा माणूस निमुळता आर्म बनवू शकणार नाही असं थोडंच आहे? पण त्याच्याकडून मागितलं जातं ते जुनं दिसणारं, बरं वाजणारं नव्हे.

कायद्याची गंमत वेगळीच. पुराणवस्तूंच्या १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू ठरू शकते, आणि ती खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. आता परदेशी पाहुण्याला ‘सव्वाशे वर्षांचा’ म्हणून ग्रामोफोन विकायचा, तर दुकानदाराचं बोलणं खरं धरल्यास तो विमानतळाच्या पुढं जाता कामा नये. पण तो जातो, कारण कागदावर तो हस्तकलेची नवी वस्तू असतो. तोंडी जुना, लेखी नवा! ग्राहक संरक्षण कायद्यानं जुना माल नवा म्हणून विकायला नाव घेऊन बंदी केली आहे. नवा माल जुना म्हणून विकणारा निघेल, हे बहुधा मसुदा करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. तरी मालाबद्दल खोटं सांगणं हा त्याच कायद्याखाली अनुचित व्यापार आहेच. पण बिलावर ‘अँटिक ग्रामोफोन, १ नग’ एवढंच असेल तर भांडणार कशाच्या जोरावर?

मला जास्त काळजी आहे ती काळ्या पोर्टेबलची. आपल्या घरांत ग्रामोफोन आला तो बहुतांशी याच रूपात. एचएमव्हीचा १०२ नंबरचा पोर्टेबल १९३१मध्ये निघाला आणि पुढं पाव शतकाहून जास्त काळ बनत राहिला. काळं कापड चढवलेली बॅग, झाकणात तबकड्या ठेवायची सोय, उघडलं की चावी मारायची आणि बसायचं. वाड्याच्या ओसरीवर, गणपतीच्या मांडवात, उसाच्या गुऱ्हाळावर नाट्यपदं आणि भावगीतं वाजली ती यावर. सांधे घट्ट असतील आणि साउंडबॉक्सची चकती धड असेल तर त्याचा आवाज आजच्या कुठल्याही पितळी पाकळ्यांपेक्षा भरदार आहे. पण तो दिसायला साधा. दिवाणखान्यात ठेवला तर पाहुणे सुटकेस समजतात. म्हणून घरातलीच माणसं तो भंगारवाल्याला देतात, भंगारवाला मोटरवाल्याला, आणि तिथून त्याची मोटर जाते त्या अष्टकोनी पेटीत. जी वस्तू खरोखर आपल्या आजोबांची होती ती विकून, कुणाच्याच आजोबांची नसलेली वस्तू आपण दसपट पैसे मोजून आणतो. साताऱ्याच्या मामंजींनी कबूल केलं, त्यांच्या लहानपणी घरी काळी बॅगच होती. “ती हो, कधीच काढून टाकली.”

माळ्यावर अशी बॅग असेल तर एवढं करा : ती चालते का हे बघायला लगेच चावी भरू नका. आतलं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, स्प्रिंग अडकते आणि जोर केला की ड्रममध्ये फटकन तुटते. निकेलला ब्रासो लावू नका. आणि ‘मोटर तेवढी द्या’ म्हणणाऱ्याला अख्खी बॅगही देऊ नका.

विकणाऱ्यांकडं माझी मागणी एका ओळीची आहे. भागवार बिल द्या. मोटर जुनी, स्प्रिंग नवी. साउंडबॉक्स जुना, अभ्रक नवं. आर्म नवा. पेटी नवी. कर्णा नवा. नव्या भागावर, दिसणार नाही अशा जागी, बनवणाऱ्यानं स्वतःचा शिक्का आणि साल ठोकावं. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक आर्मच्या आतल्या कडेवर तसं करतो, त्यानं काही बिघडत नाही. पुण्यातल्या ओळखीच्या एका विक्रेत्याला मी हे सुचवलं तर तो हसला. “काका, कर्णा नवा असं लिहिलं तर गिऱ्हाईक उभं तरी राहील का?”

राहील. कारण लपवायचं काही उरलं नाही की पातळ पत्र्याला खोटं जुनेपण फासण्यात जाणारे पैसे जाड पत्र्यात घालता येतात. आमच्या तांबट आळीत मठारकाम करणारे हात अजून आहेत. कर्णा त्यांच्याकडून घडवून घ्या, त्यावर त्यांचं नाव असू द्या. पेटी प्लायवुडची कशाला, सागाची करा. आर्म निमुळता करा, कोपर हवाबंद करा. आणि मोटरसाठी कुणाचा पोर्टेबल फोडायची गरज नाही. स्प्रिंग नवी मिळते, ड्रम लेथवर निघतो, आणि गव्हर्नरचा वर्म भोसरीतलं कुठलंही बऱ्यापैकी वर्कशॉप कापून देईल. ड्रॉइंग मी काढून ठेवलं आहे, कुणी मागायला आलं तर देईन.